ओराझालीची पेटी उघडेना

सीर नदीकाठच्या आमच्या कझालीत कुणालाही विचारा, "तुमच्या लग्नाची फिल्म कधी मिळाली?" तो आधी आपल्या पोराकडे बोट दाखवेल आणि म्हणेल, "हा रांगायला लागला तेव्हा." कारण गावातली निम्मी लग्नं ओराझालीने टिपली, आणि एकाचीही फिल्म वेळेवर दिली नाही. माणूस आळशी नव्हता. उलट चिकट होता. माहेर सोडताना नवरीच्या डोळ्यांत पाणी येतं, पण त्याआधी तिची हनुवटी थरथरते. ते थरथरणं जरा लवकर कापलं गेलं तर याला जेवण जात नसे. मग तो पुन्हा पहिल्यापासून कापायला बसे. लोक त्याच्या नावाने बोटं मोडत आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्यालाच बोलावत.

बोलणं मात्र त्याला कधी जमलं नाही. आता लग्न म्हटलं की आमच्याकडे प्रत्येकाने उठून दोन शब्द बोलायचे असतात. मामाने बोलायचं, मामाच्या साडूनेही बोलायचं, आणि दोन शब्द म्हणजे कधी दोन नसतात. ओराझाली आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं टिपत राहिला. समारंभ चालवणाऱ्या सूत्रधाराची नजर चुकून याच्यावर गेली की हा बॅटरी बदलायच्या निमित्ताने दाराबाहेर. त्याच्या थोरल्या भावाची बायको शायजादा भाऊ गेल्यापासून याच्याच घरी असे. दिराचं नाव घ्यायचं नाही, स्वतः त्याला एक नाव ठेवायचं, ही जुनी रीत. तिने ठेवलं होतं 'एकडोळे भाऊजी'. एक डोळा कायम कॅमेऱ्याला चिकटलेला, म्हणून.

कॅसेटींचा जमाना गेला तसा ओराझालीने सगळा माल एका छोट्या काळ्या पेटीत भरला. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, पुढे एक निळा दिवा, हात लावला तर कोमट. पाहुण्यांच्या खोलीत कोपऱ्यातल्या फळीवर ती दिवसरात्र चालू असे. गावचे लोक कुठेकुठे पांगलेले, कुणी तेलाच्या विहिरींवर, कुणी कोरियात कारखान्यात. त्या प्रत्येकाला ओराझालीने एक नाव आणि एक पासवर्ड दिला होता. ते तिकडे बसून फोनवर पेटी उघडत आणि चुलतभावाच्या लग्नात आपला बाप कसा नाचला ते बघत. या गोष्टीचा ओराझालीला भारी अभिमान. पेटीबद्दल घरात एकच कायदा होता. कझालीला आग लागली तरी तिला हात लावायचा नाही. धूळ पुसायलासुद्धा नाही. बायको उल्मेकेन म्हणाली, "पाहुणे झोपतात तिथे रात्रभर दिवा लुकलुकतो, घर आहे की दवाखाना?" आणि तिने वरून विणलेला रुमाल टाकून दिला. तेवढं त्याने चालवून घेतलं.

मग त्याच्या मुलीचं, अक्लिमाचं लग्न ठरलं. व्याही कारागांडाचे, चांगले तालेवार. आमच्याकडे दोन समारंभ होतात. पहिला मुलीच्या घरी, तिला निरोप द्यायचा. दुसरा आठवडाभराने मुलाच्या गावी, मोठ्या दालनात, गाव गोळा करून. आणि त्या दुसऱ्या समारंभात सगळं दालन शांत करून सूत्रधार सांगतो, आता वधूपिता बोलतील. तिथे बॅटरी बदलायला जाता येत नाही.

लग्न ठरल्या दिवसापासून ओराझालीला धास्ती होती ती याची. मुलीला सांगायचं खूप होतं. पण ते भरल्या दालनात, हातात माइक घेऊन सांगायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटे. म्हणून त्याने ठरवलं, आपण बोलायचं नाही, दाखवायचं. अक्लिमा जन्मल्यापासून त्याने तिला जेवढं टिपलं होतं ते सगळं जोडून एक फिल्म करायची. तीच त्याचं भाषण.

हिवाळाभर तो कापत-जोडत बसला. निरोपाच्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी टिपलेलं चित्रसुद्धा त्याने शेवटी डकवलं आणि मग पेटीला हुकूम सोडला की आता सगळं एकसंध कर. त्याला पुरता एक दिवस लागणार होता. त्याच संध्याकाळी, आदल्या दिवशी आलेली मुलाकडची मंडळी अक्लिमाला घेऊन गाडीत बसली. ते जाईपर्यंत पाहुण्यांची खोली माणसांनी गच्च भरलेली, कोण कुणाच्या पायाशी झोपलंय पत्ता नाही, म्हणून ओराझाली नंतर तिकडे फिरकलाही नाही. पाचव्या दिवशी ओराझाली आणि उल्मेकेन कारागांडाला निघाले. आता पाच दिवसांत माणूस पेटीकडे एकदा तरी बघेल. पण लेक गेल्यापासून त्याला त्या खोलीत पाऊल टाकवेना, आणि फिल्म कारागांडात उतरवून घेऊ, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"पेनड्राइव्हवर घ्या की," उल्मेकेन म्हणाली.

"कशाला? व्याह्यांना सांगितलंय, माझ्या घरातून थेट तुमच्या पडद्यावर."

"सांगितलंत तर सांगितलंत. खिशात असलं तर काय ओझं होणार आहे?"

"तुला त्यातलं कळत नाही," असं तो म्हणाला. ज्याला बोलता येत नाही त्याने निदान हे वाक्य तरी बोलू नये, पण नवऱ्यांना ते उपजतच येतं.

गाडी एक दिवस आणि एक रात्र माळरानातून चालली. फोनला रेंज नव्हती. कारागांडाला व्याह्यांनी स्टेशनवरच खांद्यावर नवे चापान, म्हणजे मानाचे लांब झगे, घातले, घरी नेलं, पुढ्यात घोड्याच्या मांसाची परात ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समारंभ. सकाळी सगळे तयारीत असताना ओराझाली कोपऱ्यात फोन घेऊन बसला, आपल्या पेटीचा पत्ता टाकला आणि वाट बघू लागला. फोनवर तो गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि शेवटी पाटी आली की जोडणी होत नाही.

पुन्हा केलं. तेच. पासवर्ड तपासला. तेच.

पण तो या कामात कच्चा नव्हता. कोरियातल्या पोरांची असली रडगाणी त्याने शेकड्याने निस्तरली होती. पहिला नियम, आपल्या पायाखाली बघायचं. व्याह्यांच्या घरचं वाय-फायच अडवत असेल. म्हणून तो टोपी घालून अंगणात गेला, फोनच्या स्वतःच्या इंटरनेटवर आला आणि कडाक्याच्या थंडीत उभा राहून पुन्हा पत्ता टाकला. उघडेना. म्हणजे दोष इथला नव्हता. घोडं पेंड खात होतं ते कझालीत.

कझालीत घर राखायला शायजादा होती. त्याने फोन लावला.

"वहिनी, जरा पाहुण्यांच्या खोलीत जा."

"धार काढतेय. गाईला काय सांगू, एकडोळे भाऊजींना घाई आहे म्हणून? आयुष्यात कधी झाली नव्हती, ती आज झाली?"

"वहिनी, पेटी उघडत नाहीये. संध्याकाळी फिल्म दाखवायचीय."

तिकडून बादली ठेवल्याचा आवाज आला. या फिल्मवर भाऊजींनी हिवाळाभर डोळे फोडले होते हे ती बघत आली होती. जिभेने कितीही टोचली तरी ती धावत गेली.

"आले. बोला."

"दाराजवळ राउटर आहे. दोन काड्या वर असलेला."

"शिंगवाला होय. आहे."

"त्यावर दिवे किती?"

"चार. तीन गप आहेत, एक डोळा मारतोय मेला."

"मारू दे. म्हणजे इंटरनेट आहे. आता त्याची वायर काढा, थोडं थांबा, परत लावा."

थोडा वेळ खडखड झाली. मग शायजादा म्हणाली, "भाऊजी, फ्रीज गप्प झाला."

"ती नाही. दुसरी."

"दुसरी ओढली तर माझी मालिका बंद होते. आज तिचा नवरा तुरुंगातून सुटतोय."

"तिसरी ओढा, वहिनी. पांढरी."

पांढरी ओढली, लावली, शिंगवाला मेला आणि पुन्हा जिवंत झाला. पेटी उघडेना.

ओराझालीने इंटरनेटवाल्यांना फोन केला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी आली. त्याने विचारलं, आमच्या घराचा बाहेरचा पत्ता बदललाय का? कधीकधी ही मंडळी न सांगता पत्ता बदलतात, मग पेटी घरात सुखरूप असते पण बाहेरच्याला दार सापडत नाही. मुलीने तपासून सांगितलं, पत्ता तोच आहे काका, लाइन सुरळीत आहे. मुलगी नम्र होती. भांडायलाही जागा ठेवली नाही तिने.

तेवढ्यात व्याही दारात आले. "व्याहीबुवा, पडदा लावून झाला दालनात. भिंतीएवढा आहे. तुमची फिल्म कधी येते सांगा, पोरं जोडून ठेवतील."

"येते," ओराझाली म्हणाला. "वाटेत आहे."

"मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. घरातून थेट. आमच्या इथे असलं कुणी पाहिलेलं नाही."

उल्मेकेन समोर बसून सगळं बघत होती. पेनड्राइव्हचं नाव तिने काढलं नाही. तिने नुसता त्याच्या पेल्यात चहा ओतला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुपारी त्याने पुन्हा शायजादाला लावला. "वहिनी, आता तुमच्या फोनवरून पेटी उघडून बघा. तुम्ही घरातच आहात, घरच्याच वाय-फायवर आहात, तुम्हाला दिसायलाच हवी."

तिचा पासवर्ड तिचा तिला आठवेना. 'वासराचं नाव ठेवलं होतंत,' याने सांगितलं. कुठल्या वासराचं, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी टाकला. तिलाही गोलच दिसला.

"नाही उघडत, भाऊजी."

घरातूनही उघडत नाही, म्हणजे रस्ता ठीक, दार ठीक, आणि आतल्या पेटीतच काहीतरी. दुसरा कुणी असता तर त्याने हे सकाळी पहिल्यांदा विचारलं असतं. पण पेटी बंद असेल ही शंकाच त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. तिला तर कुणी हात लावत नाही.

"वहिनी, फळीवर पेटी आहे ना?"

"आहे की. रुमालाखाली आहे. रुमालावर तुमचा तो काचेचा उंट आहे."

"रुमाल काढा."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, कझाली जळाली तरी—"

"आता लावा हात. मी सांगतो."

उंट बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"दिवा निळा आहे का?"

"दिवाच नाही."

"म्हणजे बंद पडलीय. पुढे बटण आहे, ते दाबून धरा."

"बटण नाही. फीत आहे."

"कसली फीत?"

"लाल. फुलासारखी बांधलीय. आणि वर खारीचं चित्र आहे." मग शायजादाच्या पोटातून हसू वर येताना ऐकू आलं. "भाऊजी, ही चॉकलेटची पेटी आहे. पेटी गेली तुमची. व्याह्यांनी उचलली."

ओराझालीने फोन मांडीवर ठेवला.

मुलीला न्यायला आलेली मंडळी जाताना माहेरची एखादी वस्तू गुपचूप उचलून नेतात. वाटी, चमचा, उशी, हाताला लागेल ते. चोरी नव्हे, शकुन. माहेरची बरकत मुलीबरोबर सासरी जावी म्हणून. जागेवर काहीतरी गोड ठेवतात. आणि माहेरच्यांनी ती वस्तू परत मागायची नसते, कारण मागितली की शकुन मोडला, मुलीचं माहेर कद्रू ठरलं, आणि ते टोमणे मुलगी जन्मभर ऐकणार. हे सगळं ओराझालीला काय सांगावं? बाह्यांत चमचे सरकवणारे कितीतरी हात त्याने अगदी जवळून टिपले होते. लोकांना फिल्ममध्ये तोच भाग सगळ्यांत आवडे. फक्त स्वतःच्या मुलीला नेलं त्या संध्याकाळी त्याचा कॅमेरा बंद होता.

म्हणजे सकाळपासून तो शेकडो कोस लांबच्या घराची दारं ठोठावत होता, आणि पेटी याच घरात होती. बहुधा भिंतीपलीकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण हा कळसा हात पुढे करून घेता येण्यासारखा नव्हता.

त्याने उल्मेकेनला बाजूला घेऊन सांगितलं. तिने आधी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड दाबून घेतलं. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू ओसरलं.

"सरळ सांगूया त्यांना?" तो म्हणाला. "नाही. नको. तिला ऐकावं लागेल. नाही दाखवली फिल्म तर नाही."

"मग बोलाल?"

त्याने फोन काढून पुन्हा एकदा पेटीचा पत्ता टाकला. उल्मेकेनने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"मागायचं नसतं," ती म्हणाली. "पण त्यांना दाखवायला भाग पाडायचं नसतं असं कुठे आहे? तुम्ही गप्प बसा. ते तुम्हाला छान येतं."

संध्याकाळी दालन फुललं. अक्लिमा उंच पांढऱ्या टोपीत, खाली मान घालून, नवऱ्याशेजारी बसली होती. ओराझाली मानाच्या जागी, चापान घालून, फासावर जाणाऱ्यासारखा. मांसाची ताटं आली, गाणी झाली, सासरच्या बारा मावश्यांची भाषणं झाली. तेवढ्यात उल्मेकेन उठली आणि विहिणींच्या टेबलाकडे गेली. तिथे मधोमध मुलाची आत्या बसली होती. रिस्ती आत्या, दोन माणसांची जागा घेणारी, आवाज तीन माणसांचा.

"काय हो विहीणबाई," उल्मेकेन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमची माणसं आमच्याकडे येऊन गेली, पण घरात काही हललेलं दिसलं नाही. कझालीत हसतात हो सगळे तुम्हाला. म्हणतात, कारागांडाच्या लोकांना धड चोरीसुद्धा येत नाही."

टेबलावर एकदम ओरड झाली. रिस्ती आत्याने हातातलं हाड ताटात ठेवलं.

"आम्हाला येत नाही? तुमचे सहा चमचे कुठे गेले बघितलंत का?"

"चमचे काय, मांजरही नेतं."

"लाटणं?"

"ते मोडकंच होतं. आम्ही फेकणार होतो, तुम्ही कष्ट वाचवलेत."

"बघ गं, चोर आम्ही आणि शिरजोर हे," रिस्ती आत्या बाजूच्या बाईला म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत आता जिद्द पेटली होती. "थांबा. तुमच्या नाकाखालून काय आणलंय ते दाखवते. तुम्ही अजून रुमालच सांभाळत बसला असाल."

तिने एका भाच्याला घरी पिटाळलं. घर पलीकडच्याच गल्लीत होतं. तो पांढऱ्या शालीत गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आला. आत्या व्यासपीठावर चढली, सूत्रधाराच्या हातातला माइक काढून घेतला, आणि गाठ सोडून काळी पेटी सगळ्या दालनाला दाखवली.

"हे काय आहे मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मी यांच्या घरभर हात फिरवला. वाट्या गार, चमचे गार, भिंती गार. एवढ्या थंडीत ही एकच वस्तू उबदार लागली. रात्री हात लावला, उबदार. पहाटे लावला, उबदार. म्हटलं, या घरची चूल हीच. पोरगी परक्या घरी येतेय, तिची चूल तिच्याबरोबर यायला हवी. म्हणून आणली. आता काय म्हणायचंय तुमचं?"

सगळ्या दालनाने टाळ्या वाजवल्या. सकाळपासून मनातल्या मनात ओराझालीने या बाईला जे जे म्हटलं होतं ते त्याने सगळं मागे घेतलं.

अक्लिमाने पेटी बघितली आणि रीत विसरून मान वर केली. "बाबा, ही तर..." एवढंच ती म्हणाली. मग तिने नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो उठला, आत्याच्या हातून पेटी घेतली आणि पडद्याच्या वायरीजवळ नेऊन जोडली. निळा दिवा लागला. व्याही शेजाऱ्याला म्हणाले, "बघ, घरातून थेट." आणि तसं बघितलं तर ते खोटंही नव्हतं.

दिवे मंद झाले. भिंतीएवढ्या पडद्यावर वर्षाची अक्लिमा उभी राहिली, पायांत पहिल्या पावलाच्या विधीची रंगीत दोरी. कुणीतरी दोरी कापली, पोर दोन पावलं चालली आणि बसकण मारली. दालन हसलं. मग ती खरबुजांच्या गाडीवर झोपलेली. मग केसांत मोठी पांढरी फुलं बांधून शाळेच्या दारात, आत जायला साफ नकार देणारी. मग दहाएक वर्षांची अक्लिमा, गोठलेल्या सीर नदीवर, लांबून कॅमेऱ्याकडे घसरत येणारी, हात पसरून, तोंड उघडं.

आणि तिथेच चित्र थांबलं. ओराझालीला लगेच उमगलं. पेटीची वायर उपटली गेली तेव्हा तिचं जोडकाम इथवरच आलं होतं. पुढचं तिने अजून शिवलंच नव्हतं.

लोकांना वाटलं, संपलं. छान जागी संपलं. टाळ्या झाल्या, बायकांनी डोळे टिपले. वधूपित्याचं काम झालं होतं. तो बसून राहिला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं.

पण ओराझालीने जन्मात कुणाला अर्धी फिल्म दिली नव्हती. उशिरा दिली, पण पुरी दिली. लोक टाळ्या वाजवत होते त्या अर्ध्या कामाला, आणि ते त्याला सोसेना. तो उठला, सरळ माइककडे गेला.

"हे इथे संपत नाही," तो म्हणाला. "पुढे आहे."

त्याने पडद्याकडे बोट केलं, जणू तिथे अजून चित्र हलत होतं.

"पुढे ती येऊन मला धडकते. चित्र आडवं होतं. मग नुसतं आकाश दिसतं. आवाज येतो, 'बाबा, लागलं का?' कॅमेरा फुटलाय, पण ती कॅमेऱ्याचं विचारत नाही. मग मोठी होते. मला टिपू देत नाही. हाताने तोंड झाकते. तशी सात-आठ वर्षं आहेत, सगळी हाताचीच. तीही ठेवलीत. मग निरोपाची सकाळ. ती मला चहा ओतते. कॅमेरा टेबलावर ठेवलाय, मी हलवत नाही. ती अर्धा पेला ओतते, मी पितो. पुन्हा अर्धा ओतते. बाहेर तुमची माणसं उठलीत, सगळे हाका मारतायत. मी पितो, ती ओतते. दुसऱ्या कुणाच्या लग्नात एवढं लांब चित्र मी ठेवलं नसतं. हे मी कुठेच कापलं नाही. पेला तिने एकदाही भरला नाही."

चहाचा पेला काठोकाठ भरला म्हणजे पाहुण्याने उठावं, आणि अर्धा दिला म्हणजे बसावं, अजून मागावं, हे त्या दालनातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पुढच्या टेबलावरचे व्याही खिशात रुमाल शोधू लागले. रिस्ती आत्या उघड उघड रडत होती, आवाज तीन माणसांचा.

"एवढंच आहे," ओराझाली म्हणाला, आणि माइक उलटा धरून परत आला. अक्लिमा जागेवरून उठली होती. नवरीने असं उठायचं नसतं, पण त्या वेळी तिला कुणी अडवलं नाही.

पेटी परत आणायचा प्रश्नच नव्हता. ती आता त्यांची चूल होती. निघायच्या आधी ओराझालीने ती व्याह्यांच्या घरी नीट बसवली, राउटरला जोडली, बाहेरून दार उघडून दिलं, आणि अक्लिमाला काय कुठे ते दाखवलं. तेव्हापासून कझालीतली सगळी लग्नं कारागांडात मुक्कामाला आहेत, आणि ओराझाली इतरांसारखाच लांबून पासवर्ड टाकून ती उघडतो.

एरवी उघडते. फक्त संध्याकाळी, चहाच्या सुमाराला, हटकून उघडत नाही. मग त्याला फोन करावा लागतो. आधी तो राउटरच्या दिव्यांचं विचारतो. मग राउटर बंद करून चालू करायला लावतो. ते होईपर्यंत वेळ जायला हवा, म्हणून आज काय शिजवलं, सासू काय म्हणाली, तिकडे बर्फ किती, हे विचारतो. मग बाहेरचा पत्ता तपासतो. मग त्यांच्याच वाय-फायवरून उघडून बघायला सांगतो, आणि तोवर गाईचं, वासराचं आणि शायजादाच्या मालिकेतल्या त्या नवऱ्याचं सगळं सांगून होतं. अर्धा-पाऊण तास जातो. सगळ्यात शेवटी पेटीची वायर निघालेली सापडते.

परवा शायजादाने त्याला धरलंच.

"भाऊजी, जगभरच्या लोकांच्या तक्रारी तुम्ही निस्तरता. पेटी रोज नेमकी चहाच्या वेळीच बंद पडते, हे नाही का कळलं तुम्हाला? पोरगीच ओढते वायर."

"पहिल्याच दिवशी कळलं," ओराझाली म्हणाला.

"मग पहिल्यांदाच वायरचं का नाही विचारत?"

"वायर शेवटी विचारायची असते, वहिनी," तो म्हणाला आणि त्याने फोन लावला.